घरोघरचे कॉम्प्युटर, एकच काम



एरवी मी इथं रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी ह्यांवर लिहिते. ह्या वेळचा विषय कॉम्प्युटरचा आहे. घाबरू नका, त्याचा औषधाशी संबंध आहे आणि वाट थोडी लांबची असली तरी आपण दवाखान्यातच पोहोचणार आहोत. आजी-आजोबांनी हा लेख नातवंडांना मोठ्यानं वाचून दाखवावा. मराठी अक्षरं त्यांना वाचता येत नसली तरी ऐकून कळतं. आणि जिथं आजी अडेल तिथं नातू समजावून सांगेल.

प्रश्न असा आहे. एखादं गणित इतकं अवाढव्य असलं की एका कॉम्प्युटरला ते करायला शंभर वर्षं लागतील, तर काय करायचं? ह्याचं उत्तर मुंबईच्या बायकांना १९५९ सालीच सापडलं होतं. गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. पद्धत साधी. सकाळी शाखेत जायचं, मळलेलं पीठ घ्यायचं, घरी आपल्या पोळपाटावर लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. तिथं पापड तपासतात, वजन करतात, मजुरी देतात आणि पुढचं पीठ देतात. मोठा कारखाना बांधायची गरज नाही. पोळपाट घरोघरचे, पापड मात्र एका नावाचा.

कॉम्प्युटरवाल्यांनी नेमकं हेच केलं. मोठ्या गणिताचे छोटे तुकडे पाडायचे, ते इंटरनेटवरून जगभर पाठवायचे, ज्याच्या घरी किंवा कॉलेजात मशीन रिकामं असेल त्यानं आपला तुकडा सोडवायचा, उत्तर परत पाठवायचं. मुख्य ठिकाणी ती उत्तरं तपासायची आणि जोडायची.

मुलांनो, एक मात्र ध्यानात ठेवा. सगळी कामं अशी वाटता येत नाहीत. स्वेटर विणताना पाठ एकीनं आणि बाह्या दुसरीनं विणल्या तर चालतं. पण एकाच बाहीची दहावी ओळ नववीच्या आधी कुणालाच विणता येत नाही, मग दहा बायका बसवा नाहीतर शंभर. तेव्हा कुठलं काम पाठीसारखं वेगळं काढता येतं आणि कुठलं ओळीसारखं एकामागून एक करावं लागतं, हे ओळखण्यातच ह्या मंडळींची निम्मी हुशारी जाते.

ह्या गोष्टीत आपल्या रेहोवोतचा एक धागा आहे. मिरॉन लिव्नी नावाचे शास्त्रज्ञ वाइझमन संस्थेतून पीएच.डी. घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. १९८० नंतरच्या त्या दिवसांत विद्यापीठात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले होते, पण रात्री सगळे बंद खोल्यांत रिकामे. दिवसासुद्धा मालक जेवायला गेला, मीटिंगला गेला की मशीन बसून. लिव्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रिकामी मशीनं हुडकून त्यांच्यावर दुसऱ्याचं काम चालवणारी एक व्यवस्था तयार केली आणि तिला नाव दिलं कॉन्डॉर. कॉन्डॉर म्हणजे अमेरिकेतलं एक प्रचंड गिधाड. नाव मला काही आवडलं नाही, पण वरून घिरट्या घालून खाली काय पडून आहे ते पाहायचं, ह्या अर्थानं बरोबर आहे.

ह्या गिधाडाला शिस्त मात्र चांगली लावलेली. मशीन ज्याचं, त्याचा हक्क पहिला. मालक परत आला आणि त्यानं कीबोर्डला बोट लावलं की पाहुण्या कामानं ताबडतोब उठायचं. पण तोवर झालेलं काम फुकट जाऊ द्यायचं नाही. कुठपर्यंत आलो त्याची नोंद करायची आणि दुसऱ्या रिकाम्या मशीनवर तिथूनच पुढे सुरू करायचं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातला चार्ज आठवला. नर्सची ड्यूटी संपते, पेशंटचा ताप काही आमच्या घड्याळानं उतरत नाही. मग येणाऱ्या नर्सला सगळं सांगून जायचं: कुठलं इंजेक्शन दिलं, कुठलं राहिलं, सलाईन किती उरलं, लघवी किती झाली. चार्ज नीट दिला तर पेशंटला कळतही नाही की माणूस बदललं. माझ्या मते ह्या साऱ्या कॉम्प्युटर-प्रकरणात अवघड भाग मशीनचा नाहीच. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी एकमेकांचं अर्धवट काम विश्वासानं हाती घेणं, तो भाग अवघड आहे.

हायफाच्या तेखनियोनमध्येही असं एक काम झालं, आणि ते थेट दवाखान्याचं होतं. एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक आजार येतो. आजोबांना होता, दोन आत्यांना आहे, चुलतभावाला नाही. तर ह्या लोकांच्या रंगसूत्रांचा कुठला तुकडा आजाराबरोबर चालत आला, हे वंशावळीवरून शोधायचं. घराणं मोठं, त्यात नात्यातली लग्नं झालेली, की हिशेब दुपटी-चौपटीनं वाढत जातो. तेखनियोनच्या दान गायगर, असाफ शुस्टर आणि मार्क झिल्बरश्टाइन ह्यांच्या गटानं सुपरलिंक-ऑनलाइन नावाची सोय केली. डॉक्टरनं माहिती भरायची. हिशेब छोटा असला तर लगेच होई. मोठा असला तर त्याचे हजारो तुकडे होऊन तेखनियोनच्या आणि विस्कॉन्सिनच्या मशीनांवर जात, कॉन्डॉरच्याच पद्धतीनं. २००६ साली त्यांनी हे काम अमेरिकेतल्या जनुकशास्त्राच्या मासिकात मांडलं. पुढे साध्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांनाही त्यात घेतलं गेलं.

घरच्या कॉम्प्युटरांची प्रथा मात्र त्याआधीची. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठानं 'सेटी ॲट होम' सुरू केलं. पोर्तो रिको बेटावर आरेसिबो इथं एक भली मोठी रेडिओ दुर्बीण होती. तिनं आकाशातून टिपलेल्या आवाजात परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का, ते शोधायचं होतं. गंमत म्हणजे त्या वेळी बेटावरचं इंटरनेट इतकं हळू की दुर्बिणीची माहिती टेपवर भरून पोस्टानं बर्कलेला पाठवत, आणि तिथून तिचे तुकडे करून इंटरनेटवरून घरोघरी. ५० लाखांहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. परग्रहावरचं कुणी सापडलं नाही. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवे तुकडे पाठवणं थांबवलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती दुर्बीणही कोसळली.

पण त्या खटाटोपात एक शहाणपण मिळालं. अनोळखी माणसाच्या मशीनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. कुणाचं मशीन तापून चुकीचं उत्तर देतं. आणि कुणी मुद्दाम खोटं उत्तर पाठवतं! का, तर जितके तुकडे सोडवाल तितके गुण मिळत, आणि गुणांच्या यादीत आपलं नाव वर दिसावं म्हणून. फुकटच्या कामातही माणूस नंबर काढायला बघतो, काय म्हणावं. तोड अशी काढली की एकच तुकडा दोन वेगळ्या घरी पाठवायचा. उत्तरं जुळली तर घ्यायची, नाहीतर तिसऱ्या घरी. आम्हीही धोक्याची इंजेक्शनं दोन नर्सेसनी मोजून, दोघींनी सही करून देत असू. त्यात कुणी कुणावर संशय घेत नसे.

आता संस्था-संस्थांमधला व्यवहार पाहू. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. तिथं जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात अणूंच्या आतले कण एकमेकांवर आदळवतात. त्यातून इतकी माहिती निघते की सर्नला एकट्यानं ती हाताळणं जमणार नाही. म्हणून ४० च्या आसपास देशांतली सुमारे १७० केंद्रं एका जाळ्यात जोडली आहेत. त्या जाळ्याला ग्रिड म्हणतात, विजेच्या ग्रिडवरून. आपण बटण दाबतो तेव्हा वीज हदेराहून आली की आश्कलोनहून, हे विचारत नाही. तसंच इथं गणित कुठं झालं ते शास्त्रज्ञ विचारत नाही.

ह्या जाळ्यात आपल्याकडची तीन केंद्रं आहेत: तेखनियोन, तेल अवीव विद्यापीठ आणि वाइझमन. आणि मुंबईचं कोण? कुलाब्याची टाटा इन्स्टिट्यूट, टी.आय.एफ.आर.! ज्यांनी कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला कधी चक्कर मारली असेल त्यांना समुद्राकाठची ती इमारत आठवेल. इथली तिन्ही केंद्रं ॲटलस नावाच्या प्रयोगासाठी काम करतात आणि कुलाब्याचं सीएमएस नावाच्या प्रयोगासाठी. दोन्ही प्रयोग एकाच बोगद्यावर, एकमेकांशी चढाओढ करणारे. ४ जुलै २०१२ ला दोघांनी एकाच दिवशी सांगितलं की हिग्ज कणासारखा नवा कण सापडला. तेव्हाचे सर्नचे प्रमुख रोल्फ हॉयर ह्यांनी यशाचं श्रेय यंत्राला आणि प्रयोगांना दिलं, तसंच ह्या ग्रिडलाही दिलं. मला ते आवडलं. समारंभात सर्जनचे आभार सगळे मानतात, लिनन धुणाऱ्याचे कुणी मानत नाही.

पण कुलाब्याच्या शास्त्रज्ञाचं काम इटलीतल्या मशीननं का करावं? त्याला तिथं कोण ओळखतं? इथं आपल्या लोकांना तोफेस १७ ची आठवण करून देते. कुपात होलिमनं तोफेस १७ दिला की इस्पितळ तुम्हाला दारात हजार प्रश्न विचारत नाही. कुपानं हमी घेतली, बस. ग्रिडमध्येही तसंच आहे. शास्त्रज्ञाची ओळख त्याच्या देशातली मान्य संस्था पटवते आणि त्याला एक डिजिटल दाखला देते. बाकीच्या देशांनी आधीच ठरवलेलं असतं की ह्या संस्थेचा दाखला आम्ही मानू. मग शास्त्रज्ञाला दर केंद्रावर वेगळा अर्ज करावा लागत नाही. तारा जोडण्यापेक्षा हे करारमदार करायला जास्त खटपट पडली असणार, ह्याबद्दल मला शंका नाही. तोफेस १७ मिळवायला खिडकीपुढे उभे राहिलेले सगळे माझ्याशी सहमत होतील.

आता दवाखान्यात येऊ.

करोनाच्या विषाणूचं एक वैशिष्ट्य सांगते. आपल्या पेशीत शिरल्यावर तो आपली बरीचशी प्रथिनं एका लांबलचक माळेच्या रूपात बनवून घेतो. ती माळ कापून तुकडे वेगळे केल्याशिवाय त्याची वाढ होत नाही. कापायला त्याची स्वतःची कात्री असते, तीही एक प्रथिनच. ह्या कात्रीच्या पात्यांत काही अडकवून ठेवलं तर विषाणूचं काम थांबतं. आपल्यापैकी काहींनी करोना झाल्यावर पॅक्सलोविडच्या गोळ्या घेतल्या असतील. त्यातलं मुख्य औषध ह्याच कात्रीत अडकतं. ते फायझर कंपनीनं स्वतः शोधलं. मी सांगते आहे ती गोष्ट दुसरी.

मार्च २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की ह्या कात्रीवरचं औषध आपण सगळ्यांनी मिळून, उघड्यावर, पेटंट न घेता शोधू या. ह्या कामाला नाव दिलं कोविड मूनशॉट. कात्रीचा आकार चीनमधल्या शास्त्रज्ञांनी आधीच काढून जगाला दिला होता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या डायमंड प्रयोगशाळेनं १२०० हून जास्त बारीक रेणू कात्रीवर टाकून पाहिले आणि ७० पेक्षा अधिक कुठं-कुठं चिकटतात त्याची चित्रं सर्वांसाठी खुली केली. वाइझमनचे नीर लंडन (आडनाव लंडन, माणूस रेहोवोतचा) आणि त्यांचा गट ह्यात पहिल्यापासून होता. मग जगाला विचारलं: ह्या बारीक तुकड्यांवरून औषधाचा नमुना कसा असावा, तुम्हीच सुचवा. १८,००० च्या वर नमुने आले.

एवढे नमुने प्रत्यक्ष बनवणार कोण? एकेक बनवायला वेळ आणि पैसा. म्हणून आधी कॉम्प्युटरवर हिशेब करायचा की कुठला नमुना पात्यांत घट्ट बसेल, आणि इथं घरोघरची मशीनं कामाला आली. 'फोल्डिंग ॲट होम' ही योजना २००० सालापासून चालू होती. प्रथिनं कशी वळतात, हलतात त्याचा हिशेब ती घरच्या कॉम्प्युटरांवर करते. करोनाच्या आधी तिच्यावर सुमारे ३०,००० मशीनं होती. काही आठवड्यांत ती लाखांवर गेली, पुढे दहा लाखांच्या पुढे. घरात बसलेल्या माणसाला दुसरं करण्यासारखं काय होतं?

ह्या सगळ्या मशीनांची मिळून ताकद किती झाली ते सांगायला मला शाळेतल्या बाई आठवाव्या लागल्या. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध, अशी पाठ करून घेतली होती. तेव्हा वाटायचं, परार्ध घेऊन करायचं काय? तर मार्च २०२० मध्ये ही घरगुती मशीनं मिळून सेकंदाला दहा परार्धांवर हिशेब करू लागली. एकावर अठरा शून्यं! तोपर्यंत जगातला एकही महासंगणक तिथं पोहोचला नव्हता.

आणि मग काय झालं? पीठ कमी पडलं. लाटणाऱ्या एवढ्या आल्या की मुख्य ठिकाणी तुकडे पाडून देणारी मशीनंच अपुरी पडली. लोकांचे कॉम्प्युटर चालू, पण काम नाही. मोठ्या कंपन्यांनी मशीनं देऊन मदत केली तेव्हा कुठं गाडं सुरळीत झालं. स्वयंसेवक ज्यांनी कधी सांभाळले आहेत त्यांना हे नवीन नाही.

एवढ्या मेहनतीतून विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालींचा जो सिनेमा मिळाला, तो सगळा मिळून एका सेकंदाचा दहावा भाग. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढा. पण त्या क्षणभरात विषाणूचा काटा कसा उघडतो आणि प्रथिनांत कुठं-कुठं लपलेल्या खाचा आहेत, ते दिसलं. इथंही स्वेटरची अडचण होतीच, कारण हालचाल एकामागून एक घडते. म्हणून त्यांनी दोन्ही केलं: हजारो ठिकाणांहून हजारो छोट्या हालचाली एकदम सुरू केल्या, आणि एकाचा तुकडा जिथं संपला तिथून पुढचा तुकडा दुसऱ्या कुणाला दिला. बर्लिनच्या माणसानं संपवलं, तिथून ओसाकाच्या माणसानं उचललं. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नाही.

निवडलेले नमुने बनवण्याचं बरंचसं काम युक्रेनमध्ये, कीव्हच्या एनामाइन कंपनीत होत होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथं युद्ध आलं, कामात खंड पडला, आणि तरीही ते पुन्हा उभे राहिले. २५ देशांतल्या ४७ संस्था आणि २०० वर शास्त्रज्ञांनी मिळून २,४०० हून अधिक रेणू बनवून तपासले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळं 'सायन्स' मासिकात छापून आलं.

आता नर्सचा प्रश्न. गोळी पेशंटच्या हातात आली का? मूनशॉटची स्वतःची गोळी अजून आलेली नाही. निधी नंतर मिळाला, पुढच्या चाचण्या संथपणे चालल्या, आणि घरच्या कॉम्प्युटरनं प्राण्यांवरची आणि माणसांवरची चाचणी होत नसते. पण ती खुली ठेवलेली चित्रं वाया गेली नाहीत. जपानच्या शिओनोगी कंपनीनं एन्सिट्रेल्विर नावाचं औषध शोधताना त्या माहितीचाही उपयोग करून घेतला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जपाननं त्याला तातडीची मंजुरी दिली. म्हणजे पापड लाटले एकांनी आणि तळले दुसऱ्यांनी. मला त्यात वाईट काही दिसत नाही. ज्याला ताप आहे तो गोळीवर कुणाचं नाव आहे हे बघत नाही.

माहिती अनेक ठिकाणी ठेवण्याचं मोल आपल्याला जून २०२५ मध्ये फार कडवटपणे कळलं. इराणचं क्षेपणास्त्र वाइझमनवर पडलं. प्रयोगशाळा जळाल्या, लोकांनी वर्षानुवर्षं जपलेले नमुने गेले. ज्या आकड्यांच्या प्रती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात असतात ते परत मागवता येतात. फ्रीझरमधल्या नळीची प्रत नसते.

एक गोष्ट मात्र अशी वाटू नये, ती म्हणजे पेशंटची फाइल. ह्यावरही चांगला तोडगा निघाला आहे. करोनाच्या काळात जगातल्या २० संस्था एकत्र आल्या. आलेल्या पेशंटला पुढच्या दिवसभरात किती ऑक्सिजन लागेल, हे छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या ह्यांवरून सांगणारी कॉम्प्युटरची पद्धत त्यांना हवी होती. कुणीही आपल्या फाइली बाहेर पाठवल्या नाहीत. उलट ती शिकणारी पद्धतच इस्पितळोइस्पितळी फिरली, जिथं गेली तिथं थोडं शिकली, आणि फक्त शिकलेलं घेऊन बाहेर पडली. २०२१ साली ते छापून आलं, आणि सगळीकडून शिकलेली पद्धत एकेका इस्पितळात शिकलेल्या पद्धतीपेक्षा चांगली ठरली. शिकाऊ नर्सही अशीच वॉर्डावॉर्डातून फिरून शिकते. पेशंटचं नाव-गाव बाहेर सांगत नाही, पण हात तयार होतो.

कुणाला आपल्या घरचा कॉम्प्युटर असा कामाला लावायचा असेल तर चार व्यवहाराच्या गोष्टी. 'फोल्डिंग ॲट होम' फुकट आहे आणि अजून चालू आहे. प्रोग्रॅम त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच, नातवाला शेजारी बसवून घ्या. फोन करून कुणी म्हणालं की संशोधनासाठी तुमचा कॉम्प्युटर उघडून द्या, तर तो भामटा समजा आणि फोन ठेवा. खऱ्या योजना असे फोन करत नाहीत. मशीन दिवसरात्र चाललं तर विजेचं बिल वाढतं आणि खोली तापते, तेव्हा ऑगस्टात बंद ठेवा. थंडीत चालवा, पाय तरी ऊब खातील. जुना, कुरकुरणारा लॅपटॉप ह्या कामाला नको, आणि टेलिफोनची तर गरजच नाही. कुठल्या आजाराच्या कामाला हातभार लावायचा ते निवडायची सोय त्यात आहे: कॅन्सर आहे, पार्किन्सन आहे, अल्झायमर आहे. आमच्या घरी अल्झायमर निवडलं आहे.